दगडाचं माहेर

सोनूबाईच्या दहा बोटांपैकी सात बोटांचे ठसे मशीनला दिसेनात, तेव्हा तिला मनातून बरंच वाटलं. अमेरिकेच्या व्हिसासाठी ती काचेवर बोटं दाबून उभी होती. काउंटरपलीकडची मुलगी आधी हळू दाबा म्हणाली, मग जोरात दाबा म्हणाली. बोटं ओल्या कागदानं पुसून झाली, कोरडी करून झाली, तरी पडद्यावर नुसते धुरकट डाग. शेजारच्या खिडकीत तिच्या नवऱ्याचे, राजारामचे, सगळे ठसे एका फटक्यात उमटले होते आणि तो पहिला नंबर आल्यासारखा तिच्याकडे बघत होता.

हे तिला नवीन नव्हतं. रेशनच्या दुकानातही तिचा अंगठा लागत नसे, मग तिथला माणूस वैतागून राजारामला बोलवायला लावी. नवव्या वर्षापासून जी बाई दगड फोडत आली, तिच्या बोटांवर रेषा राहणार तरी कुठून? बहात्तरच्या दुष्काळात माण तालुक्यातून तिचे आईबाप मुंबईत चांदिवलीच्या खाणीवर आले. बापाने घण धरला, आई आणि ती हातोडी घेऊन खडी फोडायला बसू लागल्या. त्याच खाणीवर डंपर चालवणाऱ्या राजारामशी तिचं लग्न झालं. किरण आणि प्रियंका ही दोन्ही मुलं तिथल्याच धुळीत, चादरीच्या झोळीत वाढली. पुढे खाणी बंद पडल्या, जागेवर टॉवर आले. सोनूबाईने मरोळच्या एका शाळेत वर्ग झाडायचं काम धरलं आणि साठ झाल्यावर ते सोडलं. आता अकराव्या मजल्यावर दोन खोल्या होत्या, किरण विमानतळावर कार्गोत होता, आणि तिच्या मते आयुष्य व्यवस्थित चाललं होतं.

अडचण एकच होती. प्रियंका नर्स झाली, कसल्या कसल्या परीक्षा देत अमेरिकेला गेली आणि तिथूनही पुढे, भर समुद्रातल्या हवाई बेटांवर, हिलो नावाच्या गावातल्या इस्पितळात लागली. दोन वर्षं ती फोनवर एकच सांगत होती, की तुम्ही दोघं या. राजाराम तर एका पायावर तयार होता. रिटायर झाल्यापासून तो मोबाइलवर जगभरच्या सहलींचे व्हिडिओ बघत असे. हवाईत कुठे कार भाड्याने मिळते आणि कुठे कासवं दिसतात, हे तो बिल्डिंगमधल्या कुणालाही सांगू शकला असता. सोनूबाईला मात्र एवढं लांब जाण्यात काही अर्थ वाटत नव्हता. म्हणून मशीनने नकार दिला तेव्हा तिला वाटलं, सुटलो.

पण त्या मुलीने ठसे तसेच पुढे पाठवले आणि मुलाखतीच्या दिवशी परत घेतील म्हणाली. घरी आल्यावर शेजारणीने, उत्तराने, हे ऐकलं आणि ग्लिसरीनची बाटलीच आणून दिली. दोन दिवस सोनूबाईचे हात ग्लिसरीनमध्ये होते. राजारामने त्या दोन दिवसांत आयुष्यात पहिल्यांदा भांडी घासली.

मुलाखतीला खिडकीत एक गोरी बाई होती आणि शेजारी मराठी समजावून सांगणारा माणूस. प्रियंकाने फोनवर उत्तरं पाठ करून घेतली होती : मुलीला भेटायला, बेटं बघायला, एकवीस दिवसांत परत. राजारामने ती पोपटासारखी म्हटली. मग त्या बाईने सोनूबाईला विचारलं, की तुम्ही काय काम करत होता आणि तिथे तुम्हाला काय बघायचंय. पाठ केलेलं सगळं सोनूबाईच्या डोक्यातून गेलं. तिने दोन्ही तळवे काचेला लावून दाखवले.

"दगड फोडायचे. पंचवीस वर्सं. पोरगी म्हणती, तिथं दगड जल्माला येतो. कुठनं येतो त्ये एकदा बघावं म्हणते."

तो माणूस ते इंग्रजीत सांगताना मध्येच अडखळला. गोऱ्या बाईने काही वेळ त्या तळव्यांकडे पाहिलं, मग बोटं पुन्हा मशीनवर ठेवायला सांगितली. तिसऱ्या वेळी आठ ठसे उमटले. तेवढे पुरले. बाहेर रस्त्यावर आल्यावर राजाराम तिला म्हणाला, की हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. सोनूबाई म्हणाली, की मलाही आत्ताच कळलं.

तीन विमानं आणि दीड दिवसानंतर दोघं हिलोला उतरली. सोनूबाईने जांभळी सहावारी साडी नेसली होती आणि पायात प्रियंकाने पाठवलेले पांढरे बूट होते. दारातच प्रियंकाने दोघांच्या गळ्यात फुलांचे हार घातले आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ तशीच उभी राहिली. छत्तीस वर्षांची पोर, स्वतःची गाडी चालवत आलेली. पण सोनूबाईच्या हाताला तिची पाठ खाणीवरच्या झोळीतल्यासारखीच लागली.

गाव बघून सोनूबाई चकित झाली. तिला वाटलं होतं परदेश म्हणजे सगळं वेगळं असेल. इथे रस्त्याकडेला पपया होत्या, फणस होते, लोकांच्या परसात आंबे गळून पडत होते आणि हवा श्रावणासारखी ओली होती. फरक इतकाच, की माणसं कमी आणि हॉर्न नाहीत. राजारामला त्या हॉर्न नसण्याने पहिले दोन दिवस नीट झोप लागली नाही.

प्रियंकाने दहा दिवसांची सुट्टी काढली होती. तिने बेटांचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून आईबापांना समजावून सांगितलं. समुद्राच्या तळाखाली एका जागी आग आहे, ती हलत नाही. तिच्यावरची जमीन मात्र हळूहळू सरकते. म्हणून एक बेट झालं, ते पुढे गेलं, मागे दुसरं झालं. राजारामने मान डोलावली, म्हणजे त्याला समजलं नव्हतं. सोनूबाई थोडा वेळ नकाशाकडे बघत राहिली आणि म्हणाली, की म्हणजे चकल्या पाडताना सोऱ्या एका जागी धरतात आणि खालचा कागद ओढतात, तसं. प्रियंका म्हणाली, अगदी तसंच, आणि आपण सगळ्यात ताज्या चकलीवर बसलोय. तिने हेही सांगितलं, की चांदिवलीचा काळा दगडसुद्धा कोट्यवधी वर्षांपूर्वी असाच तापून वाहत आलेला रस आहे. हे सोनूबाईला पटायला जड गेलं. चांदिवलीचा दगड वाहिला असेल असं त्याच्याकडे बघून कधी वाटलं नव्हतं. तो आपला हातोडीचे दांडे मोडायचा.

ज्वालामुखी गाडीने पाऊण तासावर होता. त्या वर्षी तो हप्त्याहप्त्याने उसळत होता : पाच-दहा तास आगीचं कारंजं, मग आठ-पंधरा दिवस चिडीचूप. दोघं पोचली ती नेमकी चिडीचूप आठवड्यात. पहिल्यांदा गेले तर मोठ्या थोरल्या खड्ड्यात नुसता धूर. दुसऱ्यांदा गेले तर धुकं, धूरसुद्धा दिसेना. राजाराम फार खट्टू झाला. बिल्डिंगच्या ग्रुपवर त्याने आधीच जाहीर करून ठेवलं होतं, की लाव्हाचा व्हिडिओ पाठवतो, आणि आता लोक रोज विचारत होते. कुणीतरी तर देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराला आग लागली होती तेव्हाचा फोटो पाठवून लिहिलं होतं, काका, हाच ना?

सोनूबाईला मात्र धुराचं काही वाटलं नाही. ती खाली बघून चालत होती. मैलोगणती काळा दगड पसरला होता. एके जागी तो कुरडईचा चीक ओतावा तसा मऊ, वळ्यावळ्यांनी थिजलेला. जरा पुढे गेलं की जळक्या कोळशासारखा खरखरीत, साडी फाडेल असा. तिने वाकून त्यावर बोटाच्या पेरांनी टिचक्या मारल्या, कान जवळ नेला. पोकळ आवाज आला.

"कच्चा हाय अजून," ती म्हणाली. "ह्याची खडी केली तर भुगा होईल."

प्रियंका हसली. हा दगड तिच्या नोकरीनंतरचा आहे असं तिने सांगितलं, म्हणजे दोन वर्षांपेक्षाही लहान. सोनूबाईने वयाने एवढा लहान दगड आजवर पाहिला नव्हता. तिने पुन्हा एकदा हात फिरवला, जसा पाळण्यातल्या मुलाच्या कपाळावरून फिरवतात. इथली माणसं या डोंगराला देवी मानतात आणि इथून दगड उचलून नेत नाहीत, हेही प्रियंकाने सांगितलं. सोनूबाई देवदेवी मानणारी नव्हती, त्यांच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेब. पण दगड न उचलण्याचा नियम तिला चांगला वाटला. इतकी वर्षं लोकांना दगड फक्त ट्रकमध्ये भरतानाच तिने पाहिलं होतं.

ज्वालामुखीने दाद दिली नाही तेव्हा प्रियंकाने बेटाच्या दुसऱ्या बाजूला, कोना नावाच्या गावी, तीन दिवस राहायचं ठरवलं. तिकडे ऊन असतं, समुद्र शांत असतो आणि होडीतून कासवं बघता येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी होडीची वेळ झाली, पण सोनूबाईने होडीत बसायला साफ नकार दिला. गाड्या वाहणाऱ्या रोरो बोटीतून एकदा मुंबईहून मांडव्याला जाताना तिला जे झालं होतं ते तिला पुन्हा नको होतं. शेवटी प्रियंका आणि राजाराम गेले. सोनूबाई किनाऱ्यावरच्या झाडाखाली चटईवर बसली, शेजारी पाण्याची बाटली आणि शेंगदाण्याचे लाडू. दोन तास कुठे जायचं नाही असं प्रियंकाने तिला दोनदा बजावलं.

झाडापासून थोड्या अंतरावर समुद्रालगत एक जुनं तळं होतं. समुद्राचं पाणी आत-बाहेर खेळेल अशी दगडी भिंत घालून त्यात पूर्वी मासे पाळत. लाटांनी भिंतीचा मोठा तुकडा ढासळला होता आणि गावातली वीस-पंचवीस माणसं मिळून तो पुन्हा रचत होती. तरणी पोरं रांगेत उभी राहून हातोहात दगड पुढे देत होती. भिंतीपाशी पासष्टीचा एक धिप्पाड, पिकल्या दाढीचा माणूस होता. त्याचं नाव नोआ, हे तिला नंतर कळलं. सिमेंट नाही, माती नाही. नुसता दगडावर दगड, आणि तो प्रत्येक दगड फिरवून फिरवून बसवत होता.

सोनूबाईने एक लाडू खाल्ला. दुसरा खाल्ला. नोआच्या हातातला दगड काही बसेना. त्याने तो चार बाजूंनी फिरवून पाहिला, बाजूला ठेवला, पुन्हा उचलला. त्या दगडाच्या पोटाला एक गाठ होती, ती आडवी येत होती, आणि हे सोनूबाईला चाळीस पावलांवरून दिसत होतं. तिने दुसरीकडे बघायचा प्रयत्न केला. समुद्र छान निळा होता. पुन्हा तिची नजर तिथेच गेली. शेवटी तिने पदर कमरेला खोचला आणि उठली.

जवळ जाऊन ती मराठीतच म्हणाली, की ती गाठ काढा, मग बसतोय. नोआने हसून मान डोलावली, म्हणजे त्याला काही समजलं नव्हतं. बाजूला एक हातोडी पडली होती. सोनूबाईने तिच्याकडे बोट दाखवलं आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याने जरा विचार केला, मग हातोडी तिच्या हातात दिली. सोनूबाई खाली बसली, दगड मांडीशी घेतला, बोटाने चाचपला. दगडाला शीर असते. ती सापडली नाही तर दिवसभर ठोका, आणि सापडली तर एकच ठोका पुरतो. तिने एकच दिला. गाठ भाकरीच्या तुकड्यासारखी सुटून बाजूला पडली.

रांगेतली पोरं थांबली. नोआने दगड उचलून भिंतीत ठेवला. तो बसला. तरी खालून किंचित हलत होता, म्हणून सोनूबाईने नुकतीच पडलेली कपची उचलली आणि फटीत सारून मुठीने ठोकली. मग दोन्ही हातांनी दगड हलवून पाहिला. हलला नाही. नोआने स्वतः त्यावर उभं राहून पाहिलं आणि खाली उतरून सोनूबाईसमोर हात पुढे केला. दोघांनी हात मिळवले तेव्हा त्याने तिचा तळवा उलटा करून पाहिला, आपला तळवा शेजारी धरला, आणि मोठ्याने हसला. दोन्ही हात एकाच कारखान्यातून निघाल्यासारखे होते.

त्यानंतर किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. नोआ बोटाने जागा दाखवी, ती दगडांच्या ढिगातून नेमका दगड काढून देई. खाणीत तिने लाखो दगड हाताळले असतील, पण सगळे एकाच मापाचे करायचे म्हणून. इथे प्रत्येकाचा आकार जसा आहे तसा चालत होता, फक्त त्याची जागा शोधायची होती. या कामात डोकं लागत होतं. घामाने तिचं कपाळ निथळत होतं आणि कुणाच्या तरी पोरीने तिच्या डोक्यावर गवताची टोपी ठेवली होती.

प्रियंका होडीतून उतरून झाडाखाली आली, तर चटई रिकामी. ती किनाऱ्यावर धावत सुटली. पाण्यात बघितलं, दुकानात विचारलं. राजाराम मागून सोनू, सोनू अशा हाका मारत होता. शेवटी त्यालाच दगडांच्या रांगेच्या टोकाला जांभळी साडी दिसली.

प्रियंका तिथे पोचली तेव्हा तिला दम लागला होता. आईच्या कोपराला खरचटलं होतं, साडीवर चिखल होता, हातात हातोडी होती. नोआ पुढे होऊन काही सांगू लागला, पण तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आई, यासाठी मी तुला इथे आणलं का?" प्रियंका म्हणाली. "तू आयुष्यात परत दगडाला हात लावू नयेस म्हणून मी शिकले ना. आणि तू सुट्टीत येऊन तेच करतेस?"

भाषा कुणाला येत नव्हती, पण लेक आईला बोलतेय हे सगळ्यांना समजत होतं. सोनूबाईने हातोडी खाली ठेवली. तिला लहानपणची प्रियंका आठवली. शाळेतून आली, की ती खडीच्या ढिगाजवळ पुस्तक उघडून बसे आणि आईच्या हातोडीच्या तालावर पाढे म्हणे. एकदा सोनूबाईचं बोट चेचलं होतं, तेव्हा पोरीने पाढे बंद केले आणि आपल्या वहीचं पान फाडून बोटाला बांधलं. त्या दिवसापासून तिच्या मनात दगडाबद्दल जे बसलं, ते आत्ता तिच्या चेहऱ्यावर होतं. सोनूबाईने तिचा हात धरून तिला भिंतीपाशी नेलं.

"तिथं फोडत होते गं, पिंकी. पंचवीस वर्सं फोडला. ट्रक भरून गेला, कुठं गेला, कुणाची भिंत झाली, मला कधी दिसलं न्हाई. ह्यो बघ. ह्यो मी लावलाय. बस ह्याच्यावर."

प्रियंका बसली नाही. ती उभ्या उभ्या रडली, थोडंच. मग तिने पर्समधून औषधाची पट्टी काढून आईच्या कोपराला लावली, कारण ती काहीही झालं तरी नर्स होती. आणि पट्टी लावता लावता, आपल्या लक्षातही न येता, त्या दगडावर बसली.

तो दिवस तसा गेला. सकाळी उठल्यावर प्रियंकानेच विचारलं, की आज त्या भिंतीवर किती वाजता काम सुरू होतं. दुसऱ्या एका होडीची तिकिटं काढलेली होती, ती तिने रद्द केली.

तिघंही गेली. काम सुरू करण्यापूर्वी सगळ्यांनी गोल उभं राहून आपल्या भाषेत काही म्हटलं. सोनूबाई, राजाराम आणि प्रियंका हात जोडून उभे राहिले. शेवटी नोआने पाहुण्यांकडे पाहून मान हलवली, की तुमचंही काही म्हणा. राजारामने खणखणीत आवाजात जय भीम म्हटलं, आणि पंचवीस माणसांनी, जमेल तसं, ते परत म्हटलं.

प्रियंका दगडांच्या रांगेत उभी राहिली. राजारामला कंबरेमुळे ओझं उचलायचं नव्हतं, तो इकडेतिकडे लुडबुड करत होता. इतक्यात दगड भरलेली एक पिकअप गाडी आली आणि अरुंद वाटेवर उलटी घेताना तिच्या ड्रायव्हरला जमेना. एक चाक तळ्याच्या कडेला आलं. राजारामच्या अंगात वीज संचारली. तो गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि चांदिवलीच्या खाणीत जसा ओरडत असे तसाच ओरडला : आने दो, आने दो, लेफ्ट काट, सीधा, बस बस बस. ड्रायव्हरने एक अक्षर न समजता गाडी बरोबर ढिगाशी आणून लावली. त्यानंतर जी जी गाडी आली ती राजारामनेच मागे घेतली. थोड्याच वेळात रांगेतली पोरंही आने दो म्हणत दगड पुढे देऊ लागली होती. प्रियंका हसून हसून खाली बसली. सोनूबाईने तिला असं हसताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

साडेअकराच्या सुमाराला सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजायला लागले. ज्वालामुखी सुरू झाला होता. इथून तिथे जायला दोन-सव्वादोन तास लागत, आणि तो कधी थांबेल याचा भरवसा नव्हता. राजाराम तर गाडीच्या दाराशी जाऊन उभासुद्धा राहिला. पण सोनूबाईच्या हातात कोपऱ्याचा दगड होता. कोपऱ्याचा दगड अर्धवट सोडला तर वरचं सगळं वाकडं जातं. प्रियंका म्हणाली, आई, चल ना, नोआ बसवेल. नोआनेही हाताने जा जा केलं. सोनूबाईने दोघांकडे लक्ष दिलं नाही. तिने तो दगड एकदा फिरवला, दोनदा फिरवला, खाली दोन कपच्या सारल्या, हलवून पाहिला आणि मगच उठली. दहा मिनिटं गेली असतील. राजाराम गाडीत बसून ती दहा मिनिटं घड्याळात बघत होता आणि पुढचा अर्धा रस्ता त्याबद्दल बोलत होता.

पोचेपर्यंत दोन वाजून गेले. लांबवर गाड्या लागल्या होत्या, शेवटचा मैलभर रस्ता चालायचा होता. ज्वालामुखी दिसण्याआधी ऐकू आला. सोनूबाई चालता चालता थांबली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. खडी करायचं मोठं यंत्र दगड चावतं तेव्हा असाच जमिनीतून पायात शिरतो. झाडं संपली आणि तो समोर आला.

खड्ड्याच्या पलीकडच्या अंगाला आगीचा खांब उभा होता. मुंबईत साठ मजल्यांचे टॉवर आहेत, त्यांच्याएवढा उंच, आणि तो सतत वर जात होता आणि सतत खाली पडत होता. भर उन्हात तो लालभडक दिसत होता. इतक्या लांबूनही चुलीपुढे बसावं तशी धग तोंडाला लागत होती. खाली तळाशी दगडाच्या नद्या चालल्या होत्या, पाण्यासारख्या, वळणं घेत, एकमेकींत मिसळत, आणि कडेकडेने काळ्या पडत जात होत्या.

राजारामने मोबाइल वर धरला होता. थोड्या वेळाने प्रियंकाने पाहिलं तर त्याने रेकॉर्डिंगचं बटण दाबलंच नव्हतं. तिने ते दाबलं आणि त्याला सांगितलं नाही.

सोनूबाईच्या मनात तिची आई रतन आली. पन्नाशीतच छातीत धूळ भरून ती गेली. शेवटपर्यंत ती दगडाला शिव्या घालायची, काळतोंड्या म्हणायची. आईला हे दाखवायला हवं होतं असं सोनूबाईला वाटलं. बघ, हा काही जन्मापासून काळतोंड्या नव्हता. किती लाल होता, किती धावत होता. मग असं वाटलं, की आई हे बघून म्हणाली असती, मग तिथेच का थांबला नाही मेला. या विचाराने तिला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी जपानी बाईने न विचारता तिच्या हातात रुमाल दिला.

चार तास तिघंही तिथे उभी होती. मग वीज जावी तसा तो खांब एकदम बसला. आवाज थांबला. हजारभर माणसं एका क्षणात इतकी शांत झाली, की रानातला एक पक्षी बोलला तो सगळ्यांना ऐकू आला. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवल्या. राजारामने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.

परतीच्या रस्त्यावर प्रियंका गाडी चालवत होती आणि मागच्या सीटवर राजाराम घोरत होता. बऱ्याच वेळाने प्रियंकाने विचारलं, की आई, कसं वाटलं. सोनूबाईने थोडा विचार केला आणि सांगितलं, की मोठं आहे, चांगलं आहे, एकदा बघायलाच पाहिजे. आणि मग, उद्या त्या भिंतीवर अजून दोन थर चढतील का, ते तिने विचारलं. नोआने कोपऱ्यानंतरचे दगड बारीक घेतले असतील तर ते काढून पुन्हा लावावे लागतील, म्हणून आपण सकाळी लवकर निघावं असं तिचं म्हणणं होतं. प्रियंकाने किती लवकर ते विचारलं. सोनूबाई म्हणाली, सहा वाजता.

"सुट्टी आहे गं माझी," प्रियंका म्हणाली.

"मग साडेसहाला ऊठ," सोनूबाई म्हणाली आणि खिडकीची काच खाली घेतली.